गाडीची टायरं बदलायची आहेत? गुटके नंतर पाहा, आधी तारीख पाहा

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. आर्णीचं लग्न आटोपून दिग्रसवरून दारव्ह्याकडं येऊन राहिलो होतो, दुपारचा दीड वाजला असेल, गाडीत आम्ही पाच जण आणि दोन लेकरं, एसी फुल, मागं डिक्कीत लग्नातले लाडूचे डबे. आणि मागचं डाव्या हाताचं टायर असं फटकन फुटलं की आधी मला वाटलं बाजूनं जाणाऱ्या ट्रकचंच काही झालं. गाडी मागून डोलायला लागली, नशीब म्हणजे स्पीड साठच्या आत होता आणि मी ब्रेक दाबला नाही, नुसता पाय काढून घेतला आणि स्टेअरिंग धरून ठेवलं, गाडी हळूहळू बाभळीखाली जाऊन थांबली. स्टेपनी लावली, घरी आलो, दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याकडं फुटलेलं टायर नेलं तर तो म्हणे, "भाऊ, गुटके त घासलेच नाई तुमचे. पण हे पाहा." (गुटके म्हणजे टायरच्या नक्षीचे उंच ठोकळे.) आणि त्यानं ओल्या फडक्यानं टायरची बाजू पुसून अंगठ्यानं दाबली. उन्हाळ्यात आपल्या काळ्या वावराला भेगा पडतात ना, तशा बारीक भेगा, सगळीकडून. टायर बनल्याची तारीख पाहिली तर २०१६ ची. गाडी चालली होती एकूण ४१ हजार.

म्हणजे टायर घासून नाही, म्हातारं होऊन मेलं. आणि आपल्या खेड्यापाड्यातल्या बहुतेक गाड्यांचं हेच आहे, म्हणून हा लेख जरा उलट्या बाजूनं लिहून राहिलो. सगळे पहिला प्रश्न विचारतात एमआरएफ घेऊ का अपोलो घेऊ. तो प्रश्न शेवटून दुसरा आहे, त्याच्या आधी बरंच काही पाहायचं असतं.

आधी ठरवा, बदलायची गरज आहे का

सकाळी गाडी थंड असताना एक ओलं फडकं, मोबाईलचा टॉर्च घ्या आणि खाली बसा. नक्षीच्या खोल खाचांमध्ये मधून मधून रबराचे छोटे उंचवटे दिसतील, टायरच्या कडेला त्याच रेषेत टीडब्ल्यूआय (TWI, म्हणजे घासल्याची खूण) असं लिहिलेलं किंवा छोटा त्रिकोण असतो. गुटके घासून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आले म्हणजे नक्षी १.६ मिलिमीटर उरली, आणि कायद्यानं तिथं टायर संपलं. नवीन टायरला ही खोली सात-आठ मिलिमीटर असते. पण खरं सांगू का, १.६ पर्यंत थांबू नका, पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं की त्या खाचांनीच पाणी बाहेर फेकल्या जाते, खाच उथळ झाली की टायर पाण्यावर तरंगते आणि मग ब्रेक दाबा नाहीतर देवाचं नाव घ्या, सारखंच. मी तीन मिलिमीटरच्या आसपास आलं की जून लागायच्या आधीच बदलतो.

घासलेलं टायर वाचताही येतं, ते शिकून घ्या, कारण घासण्याचं मूळ न शोधता नवीन टायर टाकलं तर तेही तसंच जाईल. दोन्ही कडा घासल्या आणि मधलं शाबूत आहे, म्हणजे हवा नेहमी कमी राहिली. मधलंच घासलं, कडा शाबूत, म्हणजे हवा जास्त. आतली किंवा बाहेरची एकच बाजू खाल्ली गेली म्हणजे अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत असणं) बिघडलेली, हे आपल्याकडं सगळ्यात जास्त. आणि हात फिरवला की जागोजागी खड्डे-उंचवटे लागतात, तर शॉकअप नाहीतर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का ते) पाहा.

बाजूला फुगा आलेला दिसला (खड्ड्यात आदळून आतले धागे तुटले की येतो) तर त्यावर विचारच करायचा नाही, काढून टाकायचं. फुगा दुरुस्त होत नाही. बाजूला काप गेला असेल, आतले धागे दिसून राहिले असतील तर तेच.

आणि मग तारीख. टायरच्या बाजूला डीओटी ने सुरू होणारा लांबलचक कोड असतो, त्याच्या शेवटी एका लंबगोलात चार आकडे. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, नंतरचे दोन म्हणजे वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनचं टायर. माझ्या फुटलेल्या टायरवर १११६ होतं. हा पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला गेली असेल तर बाहेरून दिसत नाही, गाडीखाली डोकं घालावं लागते, घाला. बहुतेक कंपन्या सांगतात की पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की कसंही दिसत असलं तरी बदला. आपल्याकडं यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, वर्धा, मे मध्ये ४५ च्या वर पारा जाते, गाडी उन्हात अंगणात उभी, शेड कोणाकडं असते? मी दहाची वाट पाहत नाही. सहा वर्षं झाली आणि भेगा दिसल्या की माझ्यासाठी विषय संपला.

साइज म्हणजे काय

माझ्या स्विफ्टच्या टायरवर १६५/८० आर १४ ८५ टी असं आहे. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची, रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १४ म्हणजे रिम चौदा इंची. ८५ हा लोड इंडेक्स आहे, एका टायरवर जास्तीत जास्त ५१५ किलो. टी म्हणजे ताशी १९० पर्यंतचं टायर, एस असेल तर १८०, एच असेल तर २१०.

तुमच्या गाडीचा साइज जुन्या टायरवरून घेऊ नका, आधीच्या मालकानं काय बसवलं होतं कोणाला माहीत. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर स्टिकर असते, त्यावर साइज पण असतो आणि हवा किती भरायची ते पण. नसेल तर गाडीच्या पुस्तकात पाहा. एकाच गाडीत मॉडेलप्रमाणे साइज बदलतो हे ध्यानात ठेवा, माझ्याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येते.

आता गंमत पाहा. १६५/८० आर १४ ची पूर्ण उंची जवळजवळ ६२० मिलिमीटर होते, १८५/६५ आर १५ ची ६२१. म्हणजे चाक तेवढंच, रिम मोठी झाली आणि रबर कमी झालं. ज्याला थोडं रुंद पाहिजे पण रिम चौदाचीच ठेवायची तो १८५/७० आर १४ टाकते, त्याची उंची ६१५ च्या आसपास, पाऊण टक्क्याचा फरक, चालून जाते. पण माझ्या भाच्यानं काय केलं, गाडी जीपसारखी दिसावी म्हणून २०५/६५ आर १५ टाकली. उंची झाली ६४७. स्पीडोमीटरवर शंभर दिसते तेव्हा गाडी खरी १०४ च्या वर असते, वळवताना पुढचं चाक मडगार्डला घासते, अव्हरेज गेलं ते वेगळं, आणि तो म्हणते मामा लूक पाहा ना. लूक पाहिला बाप्पा. मूळ चाकाच्या उंचीत दोन-तीन टक्क्यांच्या वर फरक जाऊ द्यायचा नाही, आणि रुंद टायर आपल्या रिमच्या रुंदीत बसते का हे आधी विचारायचं.

खेड्यात राहणाऱ्यानं तर मोठ्या अलॉय आणि चपट्या टायरच्या नादी लागूच नये. टायरची उंच बाजू म्हणजेच आपली गादी आहे. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता, मग वावराकडं पांदण, तिथं चपटं टायर दगडावर आदळलं की धक्का सरळ रिमला, रिम वाकते, हवा सुटायला लागते.

लोड इंडेक्स आणि स्पीडचं अक्षर कंपनीनं दिलंय त्यापेक्षा वरचं चालते, खालचं नाही. दुकानात "साइज सेम आहे ना" म्हणून ८२ चं टायर हातात देतात. ८२ म्हणजे ४७५ किलो. चार टायरचा हिशेब केला तर १६० किलो कमी झाले. आपण गाडी भरतो कशी ते आपल्याला माहीत आहे, पाच माणसं, वरून तुरीचं एक पोतं, म्हणून तिथं हूं करायचं नाही.

कोणत्या कामाचं टायर?

दुकानदाराचा पहिला डायलॉग असते, "हे घ्या, लाँग लाइफ, लाखभर चालते." ज्याची गाडी भाड्यानं चालते, रोज यवतमाळ-अमरावती आहे, त्यानं जरूर घ्यावं. पण आपला हिशेब मांडा. माझी गाडी वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर चालते, तालुक्याला बाजार, दवाखाना, बँक, वर्षातून एकदा शेगाव, एखादी नागपूरची चक्कर. सहा वर्षांत झाले चाळीस हजार. ऐंशी हजार-लाखाचं टायर मी अर्ध्यावरच म्हातारं म्हणून फेकणार आहे, मग त्याचे पैसे कशाला देऊ? आणि जास्त टिकणाऱ्या टायरचं रबर साधारणपणे कडक असते, ओल्या रस्त्यावर मऊ रबराएवढं धरत नाही. जास्त फिरणाऱ्यानं किलोमीटर विकत घ्यावे, कमी फिरणाऱ्यानं पकड विकत घ्यावी. ही गोष्ट दुकानदार सांगत नाही कारण त्याला सगळ्यांना एकच माल विकायचा असतो.

आपल्याकडं टायरचे दुश्मन कोण? ऊन, खड्डा, काटा आणि काळी माती. उन्हाचं सांगितलं. काट्यासाठी ट्यूबलेस, त्याला तोड नाही. बाभळीचा काटा ट्यूबमध्ये गेला की जागेवर बसवते, ट्यूबलेसमध्ये काटा तसाच बसून राहते आणि हवा हळूहळू जाते, घरी पोचून जाता. मागं एकदा पंक्चरवाल्यानं माझं चाक पाण्याच्या टाक्यात बुडवलं तर पाच ठिकाणाहून बुडबुडे, आणि मी ते चाक घेऊन दहा दिवस फिरून राहिलो होतो. फक्त एक करा, रिम वाकडी आहे म्हणून कोणी "ट्यूब टाकून देतो भाऊ" म्हणाला तर नाही म्हणा. ट्यूबलेस टायरच्या आत ट्यूब घासते, तापते, आणि उन्हाळ्यात तीच फुटते. रिम सरळ करून घ्या. आणि बाजूचं पंक्चर काढायचं नसते, फक्त खालच्या नक्षीतलं.

काळ्या मातीचं मात्र औषध नाही. काही पोरं छोट्या गाडीला मोठ्या गुटक्याची ऑल टेरेन टायरं शोधतात. डांबरावर घोंघों आवाज, अव्हरेज कमी, आणि काळी माती दोन चक्करमध्ये गुटके भरून टाकते, मग टायर कोणतंही असो, तो गोटाच. पाऊस पडला की गाडी फाट्यावर ठेवा आणि चालत जा. वावरातून डांबरावर आल्यावर मात्र पहिले दोन-तीनशे मीटर हळू चालवा, चाकाची माती निघेपर्यंत ब्रेक नीट लागत नाही.

आता कंपनी. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, गुडइयर, योकोहामा, मिशेलिन, कोणतंही घ्या, टायरवर आयएसआयचा शिक्का पाहा. माझ्या अनुभवात एमआरएफ आणि सिएटच्या साध्या टायरची बाजू खड्ड्याला बरी दम धरते, मिशेलिन-योकोहामा गुळगुळीत आणि शांत चालतात पण आमच्या रस्त्यावर त्यांची बाजू जपावी लागते. हे माझं मत, दुसऱ्याचं वेगळं असेल, त्यावरून पारावर भांडणं झालेली पाहिली आहेत. मी तर कंपनीपेक्षा हे पाहतो की त्या कंपनीचा डीलर तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला आहे का, कारण फुगा आला, माल खराब निघाला तर क्लेम करायला कोणाकडं जाणार?

दुकानात

जायच्या आधी दोन-तीन दुकानात फोन करून साइज सांगा आणि किंमतीबरोबर तारीखही विचारा. "कोणत्या आठवड्याचा माल आहे?" असं विचारलं की समोरच्याला समजते की हा गिऱ्हाईक दुसरा आहे. सहा महिन्यांच्या आतला माल असेल तर उत्तम, वर्षापर्यंत मी घेतो, त्यापुढं नाही. माझ्याबाबतीत एकदा असं झालं की एका दुकानात टायर चांगलं चकचकीत, स्टिकर लागलेलं, घाईत होतो, घरी आल्यावर पाहिलं तर चारपैकी दोन टायरं अडीच वर्षं जुनी. परत गेलो तर म्हणे फिट झालं, आता वापस होत नाही. चूक माझीच. म्हणून टायर मशीनवर चढायच्या आधी चारही टायरांची तारीख स्वतः वाचायची आणि मोबाईलवर फोटो काढायचा, एकदा बसलं आणि कोड आत गेला की मग बोंबलत बसा.

पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवीन टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला आहे, चार हजार मूळ किंमतीच्या टायरमागं चारशे रुपयांचा फरक पडते, तो बिलात दिसला पाहिजे. कच्च्या चिठ्ठीवर दोनशे वाचतील पण वॉरंटी गेली. काही कंपन्यांत टायरचं ऑनलाइन रजिस्ट्रेशनही करावं लागते, ते दुकानातच करून घ्या, घरी गेलं की राहून जाते.

रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवीन रबर चढवलेलं, कारला लावू नका. सेकंडहँड पण नाही, काळं पॉलिश मारलं की दहा वर्षाचं टायर नवरदेवासारखं दिसते.

चार बदलू का दोन? चार जमले तर चार. दोनच जमत असतील तर एकाच ॲक्सलवर, म्हणजे डाव्या-उजव्या जोडीला, दोन्ही सारखी, तीच कंपनी, तोच साइज, तीच नक्षी. आणि नवीन जोडी मागं लावायची. हे ऐकून सगळे भांडतात, आमचे काकाजी म्हणाले, "पुढं इंजिन, पुढं स्टेअरिंग, नवीन मागं काहून लावू?" कारण असं की पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, तुम्हाला स्टेअरिंगमध्ये समजते, पाय काढला की परत पकड येते. मागचं घसरलं तर गाडी गर्रकन फिरते आणि तुमच्या हातात काही राहत नाही. काकाजीनं तरी पुढंच लावली, ते वेगळं.

फिटिंगच्या वेळी बाजूला चहा प्यायला जाऊ नका, उभं राहून पाहा. रिमची कड ब्रशनं घासून गंज काढला पाहिजे, नाहीतर तिथूनच हवा जाते. कडेला साबणाचं पाणी लावतात, ऑइल-ग्रीस नाही. ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह नवीन टाकायला सांगा, किरकोळ पैशाचा असतो आणि जुना उन्हानं चिरलेला असतो. टायरवर बाण असेल तर चाक त्याच दिशेनं फिरलं पाहिजे, आउटसाइड लिहिलं असेल ती बाजू बाहेर. मग बॅलन्सिंग, जुनी शिशाची वजनं काढून नवीन. मग अलाइनमेंट, आणि त्याचा छापील कागद मागा. नट समोरासमोरचे आवळायचे, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर घरी पान्ह्यानं एकदा परत पाहायचे.

हवा

आता ज्याच्यामुळं मी सगळ्यात जास्त भांडतो ते. "उन्हाळा आहे, हवा दोन-तीन पॉइंट कमी ठेवा, फुगून फुटेल." (पॉइंट म्हणजे हवेच्या मीटरवरचा पीएसआय.) हे आपल्या इकडं प्रत्येक पंक्चरच्या दुकानात ऐकायला मिळते आणि हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक चक्करला जास्त दबते, परत उठते, तार वाकवून वाकवून तोडतो तेव्हा ती कशी गरम होते, तसं. त्या गरमीनं टायर फुटते. उन्हानं हवेचं प्रेशर वाढते हे खरं, साधारण पाच-सहा डिग्रीला एक पॉइंट, पण स्टिकरवरचा आकडा हे धरूनच दिलेला असते. म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना, स्टिकरवर जेवढी आहे तेवढी. गाडी चालवून आल्यावर ३४-३५ दिसलं म्हणून काढून टाकू नका. आणि टायरवर जो मॅक्स आकडा छापलेला असते तो भरायचा आकडा नाही, ती हद्द आहे. माणसं आणि सामान भरून जायचं असेल तर स्टिकरवर फुल लोडचा वेगळा आकडा असते, तो भरा.

पंक्चरवाल्याचं मीटर किती वेळा आपटलं असेल देव जाणे. माझ्या डिक्कीत माझं स्वतःचं मीटर आहे, पंधरा दिवसातून एकदा दाराच्या बाहेर बसून चारही चाकं पाहतो, पाच मिनिटं लागतात. नायट्रोजन भरली तर वाईट नाही, थोडी हळू कमी होते, पण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असते, त्यामुळं ते नाही म्हणून जीव टाकायचं कारण नाही, आणि कमी झाली तर साधी हवा टाकली तरी काही बिघडत नाही.

समृद्धीवर जाणार असाल तर हे सगळं दुप्पट. कारंजाला चढलं की सरळसोट सिमेंट रस्ता, कारला १२० ची मर्यादा, तास-दोन तास पाय उचलायचं काम नाही, टायरला थंड व्हायला वेळच मिळत नाही. आपल्या गावच्या रस्त्यावर जे टायर सहा महिने निभून जाते ते तिथं अर्ध्या तासात उघडं पडते. म्हातारी टायरं असतील तर जुन्या रस्त्यानं जा, नाहीतर ऐंशीच्या वर जाऊ नका. दर दीड-दोन तासांनी थांबून हात लावून पाहा, एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर त्याची हवा कमी आहे नाहीतर ब्रेक चिकटून राहिला आहे.

आठ-दहा हजार किलोमीटर झाले की पुढची-मागची अदलाबदल करून घ्या, बाण असलेली टायरं एकाच बाजूला पुढं-मागं. अलाइनमेंट तेव्हाच.

आणि स्टेपनी. तिची तारीख कोणी पाहत नाही, कारण नक्षी नवीच असते, रस्ता पाहिलेलाच नसते. त्या दिवशी बाभळीखाली मी जी लावली ती पण २०१६ चीच होती, आणि तिच्यात हवा निघाली अठरा. तिच्यावरच वीस-पंचवीसच्या स्पीडनं सात जण घरी आलो, सगळ्या रस्त्यानं आई मागून विचारत होती, "आता हे त नाई ना फुटत?" चार नवीन टायरं टाकली तेव्हा पाचवंही टाकलं, आणि उरलेली चार जुनी शेजारच्यानं बंडीला (बैलगाडीला) लावायला नेली.